यादवी युद्धाच्या देशात धान्य वाटायला निघालात? खान्देशातून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

धुळे-जळगाव-नंदुरबारकडचं कोणी मदतकार्याच्या संस्थेत लागलं आणि पहिलीच नेमणूक दक्षिण सुदान, सुदान, येमेन किंवा सोमालियाची निघाली, की फोन येतो. प्रश्न ठरलेले. पिवळ्या तापाची लस कुठे मिळते? पगार डॉलरमध्ये की रुपयांत? तिकडे डाळ मिळते का? याची उत्तरं सोपी आहेत. लस सरकारमान्य केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, पगाराचं करारात वाचायचं, आणि डाळ मिळते. एक गोष्ट मात्र कोणीच विचारत नाही: दोन-तीन बाजूंनी बंदुका असताना शंभर पोती चारशे घरांत कशी वाटायची?

मी दक्षिण सुदानात वाटपाच्या कामावर होतो, आता शहाद्याला असतो. माझं म्हणणं एकच आहे. न्याय-अन्याय वाटपाच्या रांगेत ठरत नाही, तो त्याच्या बराच आधी, यादी बनते तिथे ठरतो. म्हणून पुढे यादीला जास्त जागा दिली आहे, गाड्या-गोदामांना कमी.

निघण्याआधी: ‘सगळ्यांना सारखं’ डोक्यातून काढा

आपल्याकडे पंगतीत कोणाच्या पानात बुंदी जास्त पडली, की लगेच आवाज येतो, ‘बठ्ठास्ले सारखं वाढ ना भो!’ पंगतीत ते बरोबरच आहे, तिथे सगळे सारखेच भुकेले असतात. युद्धात तसं नसतं.

रेड क्रॉसच्या चळवळीने १९६५ साली व्हिएन्नात सात मूलतत्त्वं जाहीर केली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९१ च्या ४६/१८२ या ठरावात त्यातली मानवता, तटस्थता आणि निःपक्षपात ही तीन उचलली, स्वातंत्र्य हे चौथं मागाहून आलं. मदतसंस्थांची १९९४ ची आचारसंहिता आणखी स्पष्ट बोलते: मदत कोणाला आधी हे फक्त गरजेवर ठरवायचं. तुमची संस्था पहिल्याच दिवशी या कागदांवर सही घेईल. सही करण्याआधी त्यांचा व्यवहारातला अर्थ समजून घ्या.

तटस्थ राहायचं म्हणजे लढाईत कोणाची बाजू घ्यायची नाही. तोंडाने तर नाहीच, फेसबुकवर नाही, आणि कोणाच्या अंगणात रोज चहाला बसता यातूनही नाही. निःपक्षपाताचं काम वेगळं आहे. सरकारच्या ताब्यातल्या गावात दोनशे मुलं कुपोषित असतील आणि बंडखोरांकडच्या गावात आठशे, तर माल एकास चार याच हिशेबाने जायला हवा. निम्मं-निम्मं केलं तर दोन्हीकडचे कमांडर खूश राहतील, तुमचा साहेबही राहील, पण त्याला न्याय म्हणता येणार नाही. नवीन माणूस इथेच फसतो, कारण निम्मं-निम्मं दिसायला फार निर्मळ दिसतं.

‘बंडखोरांशी बोललो तर सरकार म्हणेल तुम्ही त्यांचेच’ ही भीती खरी असते. त्यासाठी एक कलम पाठ करून जा. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांतलं तिसरं कलम सारखं आहे आणि ते देशांतर्गत लढाईला लागू होतं. निःपक्षपाती संस्थेला लढणाऱ्या सर्व बाजूंपुढे सेवेचा प्रस्ताव ठेवता येतो आणि त्याने कोणाच्याही कायदेशीर दर्जात फरक पडत नाही, असं त्यातच लिहिलं आहे. लोकांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरायला या करारांच्या १९७७ च्या दुसऱ्या पूरक कराराने (प्रोटोकॉलने) मनाई केली आहे, आणि सुरक्षा परिषदेने २०१८ मध्ये २४१७ क्रमांकाच्या ठरावात त्याचा निषेध केला. नाक्यावरच्या पोराला यातलं काही सांगू नका. हे त्याच्या वरच्या माणसाशी बोलताना कामाला येतं.

सराव इथेच करा, अक्कलकुव्यात नाहीतर धडगावात

दिल्ली-बंगळूरचं प्रशिक्षण घ्याच, पण त्याआधी आठ-पंधरा दिवस सातपुड्यात काढा. तीन गोष्टी शिकायच्या आहेत.

पहिली, दंडघेर. अंगणवाडीताईसोबत पाड्यापाड्यावर फिरा आणि ती पट्टी स्वतः लावायला शिका. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल, डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध. पट्टी आवळायची नाही, सैलही सोडायची नाही. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे सॅम, तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ पिवळा, म्हणजे मॅम, मध्यम कुपोषण. हीच पट्टी, हेच आकडे जगभर आहेत. मोलगीच्या पाड्यावर रडणाऱ्या मुलाचा दंड नीट मोजता आला, तर तो कुठेही मोजता येईल.

दुसरी, रेशन दुकान. दुकानाबाहेर एक दिवस नुसतं बसा. अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो मिळतं, मग घरात दोघं असोत की नऊ. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. वाटपाच्या या दोन्ही पद्धती तुम्हाला तिकडे भेटणार आहेत आणि दोन्हींची खोड तुम्हाला इथेच बघता येते. घरटी दिलं की मोठं घर मार खातं आणि कागदावर घरं फुटायला लागतात. माणशी दिलं की कागदावर माणसं वाढतात. त्यात पॉस मशीनवर ज्या म्हाताऱ्याचा अंगठा उमटत नाही, तो परत कसा जातो, त्याच्यासाठी कोण बोलतं, की कोणीच बोलत नाही, तेही बघा.

तिसरी सर्वात महत्त्वाची: यादीच्या दिवशी कोण गावात नव्हतं. दिवाळी झाली की या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत उतरतात आणि होळीला परततात. जानेवारीत सर्वेक्षण केलं तर कुलूप लावलेलं घर ‘अनुपस्थित’ म्हणून लिहिलं जातं, आणि जे सर्वांत गरीब तेच नेमके सुटतात. युद्धातही असंच होतं. नदीपलीकडे ज्वारी पेरायला गेलेले, गुरांमागे गेलेले, झाडीत लपलेले यादीत नसतात. पुढे कोणी तयार यादी हातात दिली, की ती कोणत्या महिन्यातली आहे हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या.

पोचल्यावर: आधी बघा तुमचा पैसा कोणाच्या खिशात जातोय

उतरल्या उतरल्या वाटपाला धावू नका. संस्थेची घाई असते, देणगीदारांना फोटो हवे असतात, तरी पहिला आठवडा एका वहीला द्या. गोदाम कोणाचं? गाड्या कोणाच्या? कार्यालयाचं भाडं कोणाला जातं? राखणदार कोणत्या जमातीचा? डॉलर कुठे बदलतात आणि भावातला फरक कोण खातं? गरीब देशात युद्ध चालू असताना बाहेरून येणारा सर्वांत मोठा माल बऱ्याचदा मदतीचाच असतो. एखादी बाजू एक दाणाही न चोरता त्याच्यावर पोसली जाऊ शकते, वाहतुकीतून, भाड्यातून, ‘परवाना शुल्का’तून. सोमालियात धान्यवाहतुकीची बहुतांश कंत्राटं मोजक्या व्यापाऱ्यांकडे होती आणि मालाला भलत्या वाटा फुटत होत्या, असं संयुक्त राष्ट्रांच्याच निरीक्षण गटाने २०१० मध्ये लिहिलं. त्यावर वादही झाला. पण गाड्या एकाच घरच्या का, हा प्रश्न नवीन माणसानेही विचारावा.

दुभाष्याचंही तेच. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदान पेटला तो सत्तेतल्या दोन नेत्यांच्या भांडणातून, आणि बघता बघता त्याला डिंका विरुद्ध नुएर असं रूप आलं. तिथे जुन्या पिढीच्या पुरुषांच्या कपाळावर जमातीचे व्रण असतात, नुएरांच्या कपाळावर सहा आडव्या रेघा. तुमचा दुभाषी तोंड उघडण्याआधीच समोरच्या बाईने ठरवलेलं असतं, याच्यासमोर खरं बोलायचं की नाही. शक्य असेल तिथे दोन दुभाषी ठेवा, त्यातली एक बाई.

एक आपल्या लोकांपुरती सूचना. दक्षिण सुदानात शांतिसेनेत भारतीय पलटणी आहेत, त्यामुळे भारतीय चेहरा दिसला की लोक तुम्हाला फौजेचं माणूस समजू शकतात. त्या जवानांनी तिथे जीव देऊन काम केलं आहे, त्यांच्याबद्दल आदर ठेवा. पण त्यांच्या गाडीत बसून वाटपाला जाऊ नका आणि आर्मी छापाचे कपडे घरीच ठेवा. धुळ्याच्या बाजारात मिळते तशी हिरव्या ठिपक्यांची पँटसुद्धा नको.

यादी

नवीन गावात पोचलात की मुखिया पुढे येतो, मान देतो, खुर्ची देतो आणि तयार यादी देतो. ती घ्या. नाकारली तर अपमान होतो, आणि बऱ्याच वेळा तीच गावातली सर्वांत चांगली माहिती असते. फक्त तीच एक घेऊन काम करू नका.

का, ते १९९४ साली गोमाला दिसलं. रवांडातल्या वंशसंहारानंतर लाखो लोक तेव्हाच्या झैरेत (आजच्या काँगोत), गोमाच्या आसपास पळून गेले. त्यांच्यासोबत संहार घडवणारे अधिकारी आणि सैनिकही गेले. छावण्यांत सुरुवातीला धान्य त्याच जुन्या पुढाऱ्यांमार्फत वाटलं गेलं. त्यांनी माणसं फुगवून सांगितली, वरचं धान्य ठेवून घेतलं आणि त्याच जोरावर लोकांवरची पकड घट्ट केली. वर्ष संपता संपता काही संस्थांनी काम थांबवून छावण्या सोडल्या, त्यात ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’चा फ्रेंच विभागही होता. सोमालियाची राजधानी मोगादिशू, तिथल्या विस्थापितांच्या वस्त्यांत हेच लहान प्रमाणात चालायचं. जागेवर ताबा असलेला ‘राखणदार’ लोकांना ठेवून घ्यायचा आणि त्यांना मिळालेल्या मदतीतून हिस्सा कापायचा.

म्हणून यादीचं काम असं करा.

आधी निकष ठरवा आणि ते गावासमोर मोठ्याने सांगा. निकष सांगताना माणसांची नावं घेऊ नका. ‘सहा महिन्यांच्या वरचं लाल पट्टीतलं मूल असलेलं घर’, ‘गेल्या पेरणीनंतर आलेलं विस्थापित घर’, ‘कमावता माणूस नसलेलं घर’. तीन-चार पुरेत. दहा निकष केले की प्रत्येक जण कशात ना कशात बसतो.

मग वेगवेगळ्या लोकांकडून वेगवेगळी यादी घ्या. मुखिया, बायकांचा एक गट, चर्चचा किंवा मशिदीचा माणूस, दवाखान्यातली नर्स, आणि विस्थापितांमधलं कोणीतरी. त्या शेजारी ठेवा. पाचही यादींत असलेल्या नावांवर वेळ घालवू नका. एकाच यादीत असलेलं नाव घ्या आणि त्या घरी स्वतः जा. तिथे एकतर मुखियाचा भाचा निघतो, नाहीतर सगळ्यांनी टाकलेली कोणीतरी विधवा. दोघंही सापडायला हवेत.

कुटुंब म्हणजे काय हे आपल्या समजुतीने ठरवू नका. तिथे एका माणसाच्या तीन बायका असू शकतात आणि प्रत्येकीची चूल वेगळी असते. नवऱ्याच्या नावावर एक कार्ड केलं तर धान्य थोरलीकडे जातं नाहीतर आवडतीकडे. चूल मोजा आणि कार्ड चूल सांभाळणाऱ्या बाईच्या नावावर करा.

विस्थापित आले की त्यांना ठेवून घेणारं गावही रिकामं होत जातं. पाहुणा आला म्हणून स्वतःचं बियाणं दळून खाल्लेली घरं मी बघितली आहेत. फक्त विस्थापितांना कार्ड दिलं की महिनाभरात दगडफेक होते, आणि मग आपण अहवालात लिहितो ‘स्थानिक तणाव’. यजमान गावातली गरजू घरं पहिल्यापासून यादीत हवीत.

एकाच भागातल्या सगळ्या वस्त्यांची नोंदणी एकाच दिवशी करा, नाहीतर एकच घर तीन ठिकाणी लिहिलं जातं. आणि कोणी तसं केलं तर लगेच चोर म्हणू नका. पुढची गाडी केव्हा येईल याचा भरवसा नसलेल्या आईने तीन रांगांत उभं राहणं यात मला तरी शहाणपणच दिसतं. थांबवायचं ते नोंदणीच्या पद्धतीने, दंडुक्याने नाही.

अंगठा-डोळा घेणाऱ्या यंत्रांबद्दल सध्या फार बोललं जातं. येमेनमध्ये धान्य भलतीकडे जातंय म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाने अशा नोंदणीचा आग्रह धरला, सनाच्या राज्यकर्त्यांनी विरोध केला, आणि जून २०१९ मध्ये राजधानीत वाटप काही काळ थांबलं. यंत्र खोटी नावं पकडतं हे खरं. पण कोण कुठे राहतं याची पक्की नोंद लढणाऱ्याच्या हाती पडली, तर तीच यादी माणसं शोधायला वापरता येते. जमात, धर्म, मूळ गाव हे रकाने वाटपाला लागत नसतील तर यादीतून काढून टाका.

यादी पक्की होण्याआधी दोन दिवस हरकतींना द्या. आणि हरकत घेणारा मुखियासमोर उभा राहून बोलेल ही अपेक्षा ठेवू नका. पाणी भरायच्या जागी जाऊन बसा.

काय द्यायचं

आपल्या आजी-आजोबांना याचं उत्तर माहीत आहे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली, कामावर सुकडी आली. मिलोच्या भाकरीला नावं ठेवत का होईना, लोकांनी ती खाल्ली, कारण ती ज्वारीच होती, थापता येत होती. सुदान-दक्षिण सुदानातही मदतीत मुख्यतः ज्वारीच जाते, आणि खान्देशी माणसाला तिथे एक गोष्ट लगेच कळायला हवी: दळणाचं काय? अख्खी ज्वारी दिली आणि चक्की लांब, डिझेल महाग, तर बाई दळणावळीपायी त्यातलीच काही ज्वारी विकते. कागदावर महिन्याचं, घरात तीन आठवड्यांचं. डाळ शिजायला लाकडं लागतात आणि लाकडं आणायला बाहेर जावं लागतं. सुदानच्या दारफुरमध्ये कितीतरी बायकांवर सरपणाला गेल्या असताना हल्ले झाले. मेन्यू ठरवताना चूल, सरपण आणि चक्की या तिन्हींची चौकशी करा. दळणाचे पैसे वेगळे देता येतात, बऱ्याच ठिकाणी देतातही.

लूटमार फार असेल तर शिजवून द्या. १९९२ मध्ये सोमालियात तांदळाच्या गाड्या लुटल्या जात होत्या, तेव्हा आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने शेकडो सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. शिजलेला भात साठवता येत नाही, विकता येत नाही, त्यामुळे बंदूकवाल्याला त्यात रस उरत नाही. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात सैन्य आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले, तेव्हाही खार्तुमच्या मोहल्ल्यांत पोरापोरींनी अशीच स्वयंपाकघरं उभी केली. बाहेरच्या संस्था बऱ्याचशा निघून गेल्या होत्या. असं काही आधीच चालू असेल तर शेजारी आपलं नवीन दुकान मांडू नका, त्यांना माल द्या.

बाजार चालू असेल तर पैसे द्या. सोमालियात २०११ च्या दुष्काळात अल-शबाब या बंडखोर गटाने बऱ्याच संस्थांना बंदी केलेली असताना हवाल्याच्या जाळ्यातून रोख रक्कम घराघरांत पोचली. आपल्याकडे हवाला म्हटलं की भुवया वर जातात, तिकडे तीच बँक आहे. पण बाजारात धान्यच नसेल तर पैसे देऊन फक्त भाव वाढतो.

वाट

काळ्या कापशी जमिनीवर पाऊस पडला की बैलगाडीचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. दक्षिण सुदानचा मोठा भाग तसल्याच जमिनीचा आहे, आणि पावसाळ्यात रस्ते महिनोन्महिने बंद पडतात. म्हणून कोरड्या दिवसांत गोदामं भरून ठेवायची. ते चुकलं तर विमानातून पोती टाकावी लागतात, आणि त्याचा खर्च रस्त्याच्या कितीतरी पट असतो. खरं तर वाटपातला अर्धा अन्याय इथेच होतो: डांबरी रस्त्यावरच्या गावांना नियमित मिळतं, आतल्या गावांना नाही, आणि कोणी तसं ठरवलेलंही नसतं.

नाक्यांवर चार गोष्टी पाळा. गाडीत हत्यार नाही, हत्यारबंद माणूस नाही. कोण, कुठे, किती पोती, केव्हा हे सर्व बाजूंना आधीच कळवलेलं आणि लेखी. ‘थोडी पोती ठेवून जा’ म्हटलं की भांडायचं नाही आणि द्यायचंही नाही, गाडीतून उतरून सावलीत बसायचं आणि वरिष्ठांना फोन लावायचा. आपल्याकडच्या माणसाला चहापाण्याचे देऊन सुटायची सवय असते. ती इथेच सोडून जा, कारण एका नाक्यावर दिलेलं पोतं पुढच्या प्रत्येक नाक्यावर दर ठरवतं. आणि कोणता माल उतरवून घेतला तेही लिहा. सीरियात वेढ्यातल्या गावांकडे जाणाऱ्या ताफ्यांतून शस्त्रक्रियेचं साहित्य वेचून काढलं जायचं. पीठ पुढे जायचं, टाके घालायचं सामान मागे राहायचं. ते कोणी लिहून ठेवलं म्हणून जगाला कळलं.

वाटपाचा दिवस

आदल्या दिवशी पोती मोजा. यादीपेक्षा माल कमी असेल तर वाटप सुरूच करू नका. अर्धी रांग रिकाम्या हाती परत गेली की काय होतं, ते बघायची वेळ येऊ नये. माल अपुरा असेल तर आधी जाहीर करा आणि माप सगळ्यांचं कमी करा, किंवा लाल-पिवळ्या पट्टीतल्या घरांपुरतं वाटप आहे असं सांगा. पण सकाळी सांगा, दुपारी नाही.

माणशी दिवसाला २,१०० उष्मांक हा सर्वसाधारण आधार धरतात. ज्वारीत सांगायचं तर दिवसाला ४०० ग्रॅम, महिन्याला १२ किलो, वर डाळ, तेल, मीठ. ५० किलोचं पोतं साधारण चार माणसांचं होतं. हे माप शब्दांत नाही, वस्तूंत दाखवा: रांगेच्या तोंडाशी एका माणसाचा वाटा ताडपत्रीवर मांडून ठेवा, एक ढीग, एक डबा, एक वाटी. वाचता न येणारी बाईसुद्धा मग तिच्या पदरात कमी पडलं तर बोट दाखवून बोलते. मापाचा डबाही सगळ्यांसमोर एकदा वजन करून दाखवा. आपल्याकडे मापात मारायच्या किती पद्धती आहेत हे आठवा, तिकडेही तेवढ्याच आहेत.

जागा सपाट, दोन वाटा, येण्याची आणि जाण्याची वेगळी. सावली, पिण्याचं पाणी, म्हाताऱ्या-गरोदर-अपंगांची वेगळी रांग. बंदूक आत नाही, ती कोणाचीही असो. दुपारनंतर थांबवा, म्हणजे सर्वांत लांबची बाई अंधाराआधी घरी पोचेल. ५० किलोचं पोतं चौघींत देऊन ‘वाटून घ्या’ म्हणणं सोपं असतं, पण मग वाहून नेणारा पुरुष आपला हिस्सा मागतो. छोट्या पिशव्या शक्य असतील तर त्याच.

एक नियम कोणत्याही परिस्थितीत वाकत नाही. मदतीच्या बदल्यात शरीरसुख मागणं, किंवा अठरा वर्षांखालच्या कोणाशीही संबंध, यासाठी २००३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या कामात सरळ बडतर्फी आहे आणि बहुतेक संस्थांत हाच नियम आहे. त्याआधी पश्चिम आफ्रिकेच्या निर्वासित छावण्यांत काय चाललं होतं ते २००२ मध्ये बाहेर आलं, तेव्हा त्यात मदत वाटणाऱ्यांचीच नावं निघाली. शंका आली तरी कळवायचं. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही.

नंतर

दोन आठवड्यांनी परत जा, यावेळी पोत्यांशिवाय. दहा-वीस घरं निवडा, मुखियाने दाखवलेली नाहीत, तुम्ही चिठ्ठी काढून निवडलेली. विचारा: किती मिळालं, त्यातलं घरात किती पोचलं, बाकीचं कुठे गेलं, दळायला काय लागलं, किती दिवस पुरलं, घेताना-नेताना कोणी काही मागितलं का.

उत्तरं ऐकताना घाई करू नका. आजच्या दक्षिण सुदानातल्या बहर अल-गझलच्या १९९८ च्या दुष्काळात धान्य सर्वांत कुपोषित मुलांसाठी म्हणून दिलं जायचं, आणि त्यातला भाग गावात परत वाटला जायचा, काही लढवय्यांच्या पोटात जायचा. या दोन गोष्टी एक नाहीत. शेजाऱ्याला, भावकीला देणं ही त्यांची स्वतःची विम्याची व्यवस्था आहे, तिच्यावर पुढच्या वर्षी हीच बाई जगणार असते. बंदूकवाल्याने घेतलेला कर हा कर आहे. पहिल्यासाठी माप वाढवून मागा, दुसऱ्यासाठी वर कळवा. बाजारात मदतीच्या शिक्क्याची पोती दिसली तरी तोच नियम: रिकामी पोती विकली जातात, दळण-औषधासाठी ज्वारीही विकली जाते. पण एकाच दुकानात न उसवलेल्या पोत्यांची थप्पी दिसली तर ते घरांतून आलेलं नाही.

स्थानिक सहकाऱ्यांचंही याच वेळी बघा. मदतकार्यात मारल्या जाणाऱ्यांत बहुतेक जण त्याच देशाचे असतात. तुम्हाला विमानाने काढून नेतील, ते तिथेच राहतील. म्हणून कोणाला यादीतून काढायचं असेल तर तो निरोप त्यांच्या तोंडून द्यायला लावू नका, स्वतः द्या.

आणि त्याच रात्री लिहा. काय ठरलं होतं, काय दिलं, कोणी किती अडवलं, कोणती वस्ती राहिली आणि का. इथिओपियात धान्य मोठ्या प्रमाणावर भलतीकडे जातंय असं दिसल्यावर २०२३ मध्ये वाटप आधी टिग्रे प्रांतात आणि मग देशभर थांबवलं गेलं, आणि त्याचा फटका ज्यांनी काही चोरलं नव्हतं त्यांनाच बसला. थांबवायचं की चालू ठेवायचं हा निर्णय नवीन माणसाचा नसतो. पण तो घेणाऱ्यांपुढे पडतं ते तुमच्यासारख्या शंभर जणांनी लिहिलेलंच. ‘काही अडचणी आल्या’ असं लिहू नका, किती पोती, कोणता नाका, कोणती तारीख लिहा. बोललेल्या माणसांची नावं त्यात नकोत. ती वेगळ्या कागदावर, कुलपात, आणि नाका ओलांडायच्या आधी फोनमधले यादीचे फोटो पुसून टाका.